नव्या काबिजादी
१२. पोर्तुगीज ‘नोव्हास कोंकिस्तास’चे गोव्यात रूढ झालेले मराठी रूप. ‘काबीज’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. मुळात मुठीत धरणारा. ‘कोंकिस्ता’चे मूळ लॅटिनमध्ये असून तिथे अर्थ होता धुंडाळून गोळा करणे, लढाई मागाहून चिकटली. तिसवाडी (१५१०), बारदेश व साष्टी (१५४३) या जुन्या काबिजादी. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे आदी महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. ते सारेच काही तलवारीने घेतलेले नव्हेत. १७६३ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने हवालदिल झालेल्या सौंदेकर राजाने फोंड्याकडचा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला. तेव्हा नाव जरा फुशारकीचेच. साष्टीतून हलवलेले मंगेश, शांतादुर्गा हे देव त्याआधीच फोंड्यात नांदत होते. पुढील प्रकरणांत ‘काबिजादी’ म्हणजे हाच नवा मुलूख समजावा. — संपा.