तळ्यातला जिताडा आणि खाडीचा बांध



पेण-अलिबागच्या खारेपाटात घराशेजारी तळे आणि तळ्यात जिताडा, ही जुनी रीत. पाहुणा आला, कार्य निघाले, की तळ्यात जाळे पडायचे. अलिबाग तालुक्यात शहापूर-धेरंडकडे अशी तळी आजही आहेत. पण या माशाची खरी हकिगत तळ्यात नाही, बांधावर आहे.

इथली भातशेती खाडीला बांध घालून मिळवलेली. बांधात उघाडी ठेवायची. ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी तिच्यातून बाहेर जाते, भरतीला झडप मिटून खारे पाणी अडते. उधाणात खांड पडली तर भात जाते, तळे बुडून वाढवलेला मासाही निघून जातो. म्हणून पूर्वी जोळ पद्धत होती. ज्याची जमीन बांधाआड, त्याने श्रमदानाला यायचेच.

पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्ले आत चढत. ती धरून तळ्यात सोडत. जाणत्यांना ठाऊक होते, की तळ्यात जिताडा पोसतो, पण वीत नाही. शास्त्रही तेच सांगते. हा मासा आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की बहुधा मादी होतो, आणि अंडी खाऱ्या पाण्यातच घालतो. म्हणजे खाडीतला मोठा जिताडा हे आपले बियाणे. बियाण्याचे भात कोणी शिजवून खातो का?

१९४८ साली खारजमिनीचा कायदा झाला, १९७९ साली नवा खारभूमी विकास कायदा आला. बांधांचे काम सरकारी खात्याकडे गेले आणि जोळ मागे पडली. आता खांड पडली, की आपण अर्ज करतो आणि वाट बघतो. उधाण मात्र वाट बघत नाही.

तेव्हा एवढे करा:

१. पावसाआधी सर्वांनी मिळून बांध फिरून बघा. खेकड्या-उंदरांची बिळे बुजवा, उघाडीची झडप तपासा.

२. खाडीच्या तोंडाशी बारीक आसाचे जाळे लावू नका. थोडी पिल्ले घ्या, बाकीची वाढू द्या.

३. तळ्यात सारख्या आकाराची पिल्ले सोडा. मोठा जिताडा लहानाला गिळतो.

४. तिवरे तोडू नका. पिल्लांना आसरा तिथेच मिळतो.

हल्ली बीजकेंद्रातली पिल्ले विकत मिळतात. पण खाडीने फुकट दिलेले बी राखले, तर त्यात शहाणपण आहे. उधाण अमावास्या-पौर्णिमेला ठरल्याप्रमाणे येते. बांधावर जमायचा दिवस आपणही आधीच ठरवावा.