घरचा नियम आणि बढतीचा हिशेब

सोंगट्यांचा पट मांडला कीं पाहुण्यास पहिल्याच डावांत ऐकावें लागतें, "तुमच्याकडे असेल तसें, आमच्याकडे असें खेळतात." घरोघरच्या या पाठभेदांनीं सोंगट्यांचें फारसें बिघडत नाहीं. डाव संपला कीं दुसऱ्या दिवशीं सर्वजण पुन्हा सारखेच होतात. परंतु जो खेळ वर्षानुवर्षें चालतो आणि ज्यांत आजची कमाई उद्यां भांडवल म्हणून वापरतां येते, तेथें घरच्या एका लहानशा नियमानें केवढी उलथापालथ होते, हें अमेरिकेंतील एका खेळाच्या इतिहासावरून दिसतें.

त्या खेळाचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. त्याचे कर्ते दोघे, विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गांवचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन. १९७४ सालीं तीन लहान चोपड्या एका पेटींत घालून तो विकावयास निघाला, तेव्हां पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. खेळाडू मेजाभोंवतीं बसून योद्धा, मांत्रिक, धर्मोपदेशक असें एकेक पात्र धारण करतात, आणि एकजण पंच होऊन भुयारें, राक्षस व खजिने यांची सृष्टि उभी करतो. फासे पडतात, पण बहुतेक सारा व्यवहार बोलण्याचाच. पात्रास पराक्रमाबद्दल 'अनुभवगुण' मिळतात, व ते पुरेसे सांचले कीं तें एक पायरी वर चढतें. दुसऱ्या पायरीसाठीं योद्ध्यास २,००० गुण लागत, मांत्रिकास २,५००, धर्मोपदेशकास १,५००.

हे गुण मिळत कशाबद्दल? भुयारांतून आणलेल्या दर सुवर्णनाण्यास एक गुण, आणि मारलेल्या राक्षसाच्या बळाच्या दर पायरीस १०० गुण. यांतील दुसरा दर इतका उदार ठरला कीं पुढच्याच वर्षीं, १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणींत, गायगॅक्स यांनीं तो स्वतःच हास्यास्पद म्हणून मोडीत काढला. सर्वांत खालच्या पायरीच्या राक्षसाचे १०० चे १० झाले. कर्त्यालाच हिशेब साधला नाहीं, तर घरोघरच्या पंचांस दोष कोणत्या तोंडानें द्यावा? सोन्याचा दर मात्र राहिला, आणि माझ्या मतें खेळाचें सारें मर्म त्यांतच होतें. राक्षसास न जागवितां खजिना लांबविणारा खेळाडू लढून मरणाऱ्यापेक्षां लवकर वर चढे. म्हणून युक्तीला किंमत होती.

लगामहि होते. आठव्या पायरीचा मांत्रिक पांचव्या मजल्यावर फिरला तर त्यास पांच-अष्टमांशच गुण. एका मोहिमेंत एकाहून अधिक पायऱ्या चढूं देऊं नयेत, अशीहि शिफारस होती. परंतु त्याच ग्रंथाच्या अखेरीस वाचकांस सांगितलेलें होतें कीं, तुम्हांला योग्य वाटेल तसें तुम्हीच ठरवा. वाचकांनीं तें अक्षरशः पाळलें! कोठें खजिने वाटेल तसे उधळले गेले, कोठें लगाम सुटले. १९७६ च्या 'गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज' या पुरवणीच्या प्रस्तावनेंत संपादक टिम कास्क यांना चाळिसाव्या पायरीपलीकडे गेलेल्या पात्रांची थट्टा करावी लागली. त्याच वर्षीं गायगॅक्स यांनीं लिहिलें कीं, वर्षांतून ५० ते ७५ वेळां खेळणारा चांगला खेळाडू, जगलाच तर, नवव्या ते अकराव्या पायरीपर्यंत पोंचावा. दार सताड उघडून मग गर्दीची तक्रार करण्यासारखें हें झालें. पण तक्रार खोटी नव्हती. ज्याला सर्व कांहीं मिळून चुकलें, त्याच्यासाठीं पंचानें पुढच्या आठवड्यास काय मांडावें?

मग १९७९ च्या पंचग्रंथांत उलट टोंक गांठलें गेलें. गुण सांचले तरी बढतीपूर्वीं गुरूजवळ शिकावयाचें, आणि त्याची फी दर आठवड्यास पायरीगणिक १,५०० सुवर्णनाणीं. आतां चोराचें पात्र घ्या. त्यास दुसऱ्या पायरीसाठीं १,२५१ गुण पुरत. ते सारे त्यानें सोन्यांतून मिळविले, तरी हातीं १,२५१ नाणीं, आणि गुरु १,५०० मागणार! बिचारा पात्र ठरूनहि दारांतच उभा. अनेक घरांनीं हा नियम सरळ गाळला. पण त्याबरोबर सोनें खर्चण्याची वाटहि बंद झाली आणि थैल्या निरर्थक फुगूं लागल्या.

दुसऱ्या कित्येकांनीं सोन्याचे गुणच काढून टाकले. पैसा मिळाल्यानें तलवार चालविण्याचें कसब कसें वाढेल, हा त्यांचा प्रश्न. तर्कास तो बिनतोड आहे. परंतु सोनें गेलें कीं गुणांचा मोठा झरा आटतो, बढती मंदावते, आणि उरलेला मार्ग मुख्यतः संहाराचा. राक्षसास चुकवून जाणारा आतां मूर्ख ठरतो. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीनेंहि सोन्याचे गुण ऐच्छिक केले. मला ती सुधारणा वाटत नाहीं.

कॅलिफोर्नियांतील स्टीव्ह पेरिन यांनीं याच प्रश्नाचें वेगळें उत्तर दिलें. त्यांचे लढाईविषयींचे घरचे नियम १९७६ पासून खेळाडूंत फिरत होते. १९७८ सालीं त्यांचा स्वतंत्र खेळ 'रूनक्वेस्ट' निघाला. त्यांत पायऱ्याच नाहींत. जें कसब वापरून यश आलें, तेंच वाढण्याचा संभव. आणि आधीं जितकें अधिक येत असेल तितकी वाढ कठीण. कल्पना मोठी न्यायाची! तरी खेळाडूंनीं येथेंहि फट शोधलीच: एका शस्त्रानें यश आलें कीं तें टाकून दुसरें उचलावयाचें, म्हणजे दोन्हींवर वाढीची खूण पडते.

मूळ खेळाच्या २००० सालच्या आवृत्तींत योद्धा, मांत्रिक, चोर या सर्वांस एकच कोष्टक लागू झालें. २०१४ च्या पंचग्रंथानें तर गुणांचा हिशेब बाजूस ठेवून, ठराविक बैठकींनंतर किंवा कथेंतील मोठें कार्य पार पडल्यावर सर्वांस एकदम बढती देण्याची मुभा छापून दिली. अनेक मेजांवर तें घरचा नियम म्हणून कधींचेंच चाललें होतें.