लवण-झिलईकडून सोडा-भट्टीकडे

मृत्पात्रांच्या इतिहासात तंत्रातील बदलाचे श्रेय बहुधा कारागिराच्या सौंदर्यदृष्टीस दिले जाते. सोडा-भट्टीच्या बाबतीत ही उपपत्ती अपुरी पडते. कारण त्या भट्टीमागे धुराचा प्रश्न होता.

सोडा-भट्टीची पूर्वज म्हणजे मिठाची भट्टी होय. ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातील जर्मन कुंभारांमध्ये ही रीत पंधराव्या शतकात रूढ झाली होती. भट्टीचे तापमान सुमारे १२५० ते १३०० अंश सेंटिग्रेडवर पोहोचले, म्हणजे तीत मीठ टाकीत. त्याची वाफ होऊन तीतील सोडियमचा मातीतील सिलिकेशी संयोग होई आणि भांड्यावर नारिंगाच्या सालीसारखी रवाळ, काचमय झिलई चढे. इंग्लंडात जॉन ड्वाइट याने १६७२ मध्ये स्टोनवेअरचे पेटंट मिळविले. पुढे १८४६ मध्ये हेन्री डूल्टन याने लंडनमधील लॅम्बेथ येथे सांडपाण्याच्या नळांचा कारखाना काढला. पाणी व आम्ल यांना दाद न देणारी ही झिलई नळांस फार उपयुक्त ठरली.

येथेच एक विसंगती दिसून येते. नगराची घाण वाहून नेणारे नळ भाजताना नगराची हवा दूषित होत असे. मिठातील क्लोरीनचा जलबाष्पातील हायड्रोजनशी संयोग होऊन धुराड्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू बाहेर पडे. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. लॅम्बेथचा डूल्टन कारखानाही त्याच वर्षी बंद पडला.

मिठाऐवजी सोडा वापरण्याचे प्रयोग १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अमेरिकेतील आल्फ्रेड विद्यापीठात झाले. धुण्याचा किंवा खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून तापलेल्या भट्टीत फवारल्यास क्लोरीनचा प्रश्नच उरत नाही. कार्बन डायऑक्साइड तेवढा सुटतो. परंतु सोडा मिठाइतक्या सहजतेने सर्वत्र पसरत नाही. तो ज्वाळेबरोबर वाहतो. त्यामुळे भांड्याची ज्वाळेकडील बाजू चकाकते व आडोशाची बाजू कोरडी, तांबूस राहते. म्हणून भट्टीत भांड्यांची मांडणी हीच रचना ठरते.

नळाच्या कारखान्यास जी असमता दोष वाटली असती, तीच हस्तनिर्मित पात्राचा गुण मानली गेली. मात्र ही रसिकता तंत्रबदलाचे कारण नसून परिणाम होय. हा क्रम उलटा लावल्यास धूर सोसणारा नगरवासी या इतिहासातून वगळला जातो.