कियांतीचा आंबटपणा

टस्कनींतील कियांती या तांबड्या मद्याची स्वस्त बाटली उघडणारा पहिल्याच घोटास बहुधा तोंड वांकडें करितो. आंबटपणा जिभेस झोंबतो, तुरटपणा हिरड्या आवळतो. पण हें मद्य नुसतें चाखण्याकरितां नव्हेच. ऑलिव्हच्या तेलानें माखलेला पाव अथवा शिजविलेला पांढरा घेवडा सोबत असला म्हणजे त्याच आंबटपणाची गोडी कळते.

१८६१ सालीं इटलीचा पंतप्रधान झालेला बेत्तीनो रिकासोली यानें ब्रोलिओच्या आपल्या मळ्यांत अनेक वर्षें प्रयोग केले व १८७२ सालीं एका पत्रांत त्यांचा निष्कर्ष लिहिला. सुगंध आणि जोम सांजोवेझे जातीच्या द्राक्षांचा, मार्दव कानायोलोचें. पांढरें माल्व्हाझिया रोजच्या पिण्याच्या मद्यापुरतें ठीक, मुरवत ठेवावयाच्या मद्यांत तें नको.

हा विवेक पुढें सुटला. १९६७ च्या सरकारी नियमांनीं निदान शेंकडा १० पांढरीं द्राक्षें सर्वच कियांतीवर लादलीं. गवतानें मढविलेल्या बुधल्यांतील पाणचट मालानें नांव आणखीच बुडविलें. कियांती क्लासिकोंत २००६ पासून पांढऱ्या द्राक्षांस मज्जाव आहे. साध्या कियांतींत मात्र तीं अजून थोडीं चालतात. आणि जेवणाच्या पेल्यापुरती रिकासोलीची त्यास हरकत नव्हतीच.