ओस्तियाची झोपडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

“रात्रीचा वारा बाधतो, कान बांधून झोप,” असं माझी आजी सांगायची. पुढे मुलांची शिबिरं घेऊ लागलो, तेव्हा मीही तेच सांगू लागलो. तंबूचे पडदे घट्ट ओढा, कानटोप्या घाला. मच्छरदाण्या सोबत असत. पण त्या सोडायच्या, बांबू रोवायचे, दोऱ्या बांधायच्या, एवढा खटाटोप करणार कोण? त्यापेक्षा चार गोवऱ्या आणि कडुलिंबाचा पाला पेटवला, की आम्ही निर्धास्त!

अशाच एका शिबिरात तलावाकाठी मध्यरात्रीपर्यंत गाणी रंगली. घरी परतल्यावर दोनेक आठवड्यांनी एका मुलाला थंडी वाजून ताप भरला. रक्ततपासणीत हिवताप निघाला. मुलगा बरा झाला, पण त्याच्या आईने मला एवढंच विचारलं, “मच्छरदाण्या नेल्या होत्या ना?” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून या विषयाचा इतिहास वाचायला लागलो.

वाऱ्याला दोष देणारी माझी आजी एकटी नव्हती. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच ‘वाईट हवा’. रोमजवळच्या दलदलीच्या मुलखात शतकानुशतकं लोक तापाने मरत, आणि दोष दिला जाई तो दलदलीतून उठणाऱ्या हवेला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना, रुग्णाचं रक्त प्यालेल्या डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. पुढच्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप ॲनोफिलीस डासामुळे होतो हे दाखवलं. पण शोध लागला म्हणून लोकांचा विश्वास लगेच बसतो थोडाच!

तो बसावा म्हणून रॉस यांचे मार्गदर्शक पॅट्रिक मॅन्सन यांनी १९०० साली एक साधा प्रयोग योजला. इंग्लंडात एक लाकडी झोपडी तयार करवली, तिच्या दारा-खिडक्यांना बारीक जाळी लावली आणि ती रोमजवळच्या ओस्तियाच्या दलदलीत उभी केली. डॉ. सॅम्बन आणि डॉ. लो हे दोघे ऐन तापाच्या हंगामात काही सोबत्यांसह तिथे राहिले. दिवसभर ते बाहेर मोकळे हिंडत. नियम एकच: सूर्यास्तापूर्वी आत, सूर्योदयानंतर बाहेर. क्विनीन घ्यायचं नाही. जाळीतून रात्रीची ‘वाईट हवा’ खुशाल आत येत होती. आसपासचे लोक तापाने फणफणत होते. झोपडीतल्या एकालाही ताप आला नाही.

दुसरी बाजूही तपासली गेली. रोमच्या रुग्णांना चावलेले डास लंडनला पाठवण्यात आले, आणि मॅन्सन यांच्या स्वतःच्या मुलाने ते आपल्या हाताला चावू दिले. दलदल नाही, वाईट हवा नाही. तरी त्याला हिवताप झाला. बापाच्या शास्त्रासाठी पोराने भोगलेला तो ताप होता.

गंमत अशी, की जाळीचा उपाय जुनाच होता. अडीच हजार वर्षांपूर्वी हिरोडोटसने लिहून ठेवलंय, की इजिप्तमधले दलदलीकाठचे लोक दिवसा ज्या जाळ्याने मासे पकडत, तेच रात्री बिछान्याभोवती लावून झोपत. लोकांना उपाय ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हतं.

धूर वाईट नव्हे. पण वारा फिरला की संपला. शिवाय बंद तंबूत धूर कोंडणं किंवा डासांची उदबत्ती लावणं धोक्याचंच. अमेरिकी लष्करासाठी शोधलेलं आणि १९५७ पासून सर्वसामान्यांना मिळू लागलेलं ‘डीट’ हे अंगाला लावायचं औषध उपयोगी आहे; तेही काही तासांनी उतरतं. डेंग्यूचा डास तर दिवसाढवळ्या चावतो. म्हणून अंगभर कपडे दिवसाही हवेत.

आता माझ्या शिबिरात दिवेलागणीला पहिलं काम मच्छरदाण्या बांधण्याचं. कडा अंथरुणाखाली खोचायच्या, भोकं शिवायची, हातपाय जाळीला टेकू द्यायचे नाहीत. गाणी होतात, पण संध्याकाळीच उरकतात. कुरकुर करणाऱ्या मुलांना मी ओस्तियाची गोष्ट सांगतो. त्या आईचा प्रश्न मात्र स्वतःपाशीच ठेवतो.