हौशी मोटार शर्यत : ऑटोक्रॉस ते ट्रॅक

शंकूंनी आखलेल्या मार्गावर एका वेळी बहुधा एकच मोटार सोडली जाते आणि तिची झुंज असते ती घड्याळाशी. ऑटोक्रॉसचे स्वरूप इतके साधे आहे. भारतात या स्पर्धा प्रामुख्याने मातीच्या मैदानावर होतात. शंकू पाडल्यास वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. त्यामुळे निव्वळ वेगापेक्षा वळणाआधी ब्रेक नेमका कोठे लावायचा, याला महत्त्व येते. अनेक ठिकाणी रोजच्या वापरातील मोटारही चालते. मात्र एक गोष्ट हौशी मंडळी हमखास विसरतात. नेहमीच्या मोटार विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. मैदानात पत्रा चेपला, तर खर्च स्वतःच्याच खिशातून!

ट्रॅकवरील क्लब शर्यतीत सारे स्पर्धक एकदम सुटतात. तेथे मोटारीत पोलादी नळ्यांचा पिंजरा, अंगावर आगरोधक पोशाख आणि हाती ‘एफएमएससीआय’ या राष्ट्रीय महासंघाचा परवाना हवा. पूर्वी मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर शर्यती रंगत. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा, तर २००३ मध्ये कोइमतूरचा ट्रॅक सुरू झाला. राष्ट्रीय फेऱ्या मुख्यत्वे या दोन ठिकाणी होत आल्याने पुण्याच्या चालकाला मोटार ट्रकवर चढवून हजार किलोमीटरहून अधिक दूर न्यावी लागते. अनेकांची हौस या वाहतूक खर्चापाशीच थांबते.

रात्रीचा मोकळा महामार्ग हा त्यावरचा पर्याय नव्हे. राज्य सरकारच्या लेखी संमतीविना सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे.