दोन नाट्यगृहे आणि खिशातले पिस्तूल

१८६५ सालच्या एप्रिल महिन्याची १४ तारीख. वॉशिंग्टन शहरातील फोर्ड नाट्यगृहात एका विनोदी नाटकाचा प्रयोग रंगात आला होता. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन सपत्नीक सज्जात बसून तो पाहत होते. जॉन विल्क्स बूथ हा स्वतः नट. कोणत्या वाक्याला प्रेक्षागृह हसणार हे त्याला चांगले ठाऊक होते. त्या हशाची वेळ साधून त्याने लिंकन यांच्या मागून मस्तकावर गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा अंत झाला.

ज्या शस्त्राने हे घडले, त्याची लांबी सहा इंचही भरत नव्हती. फिलाडेल्फियाचे कारागीर हेन्री डेरिंजर यांनी असली पिस्तुले घडवून नाव मिळवले होते. ठासणीच्या बंदुकीप्रमाणेच त्यात नळीच्या तोंडातून दारू व शिशाची गोळी भरावी लागे आणि मागे स्फोटक टोपी बसवावी लागे. बार मात्र एकच! तो उडताच बूथने पिस्तूल टाकले आणि अंगावर आलेल्या मेजर रॅथबोनवर सुरा चालवला. खिशात मावणारे शस्त्र हवे असेल, तर त्याची काही किंमत द्यावी लागते, हा धडा तेव्हापासूनचा आहे. लपवण्याची सोय जितकी अधिक, तितकी शस्त्राची ताकद उणी. पुढल्या शंभर वर्षांतील सारी कारागिरी ही तफावत भरून काढण्यात खर्ची पडली.

पहिला प्रश्न बारांच्या संख्येचा. सॅम्युअल कोल्ट यांनी १८३६ साली अमेरिकेत फिरत्या पिस्तुलाचे, म्हणजे रिव्हॉल्व्हरचे, एकाधिकारपत्र मिळवले होते. त्यांच्या कारखान्याचे १८४९ चे खिशातले रिव्हॉल्व्हर तीन लाखांहून अधिक खपले. तथापि त्यातही दारू व गोळी सुटीच भरावी लागे. १८५७ साली स्मिथ आणि वेसन यांनी धातूचे तयार काडतूस घालता येईल असे छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले आणि ती यातायात संपली. दुसरा प्रश्न दारूचा. काळी दारू धूर फार करी व यंत्रात काजळी धरी. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने १८८४ साली धूरविरहित दारू सिद्ध केली. तिचे सामर्थ्य अधिक आणि मळ कमी. म्हणूनच स्वतः होऊन पुढचे काडतूस चढवणारे पिस्तूल व्यवहारात आले.

हे काम ज्यांच्या हातून उत्तम प्रकारे तडीस गेले, ते जॉन ब्राउनिंग अमेरिकेतील युटा प्रांताचे. त्यांचे १९०० सालचे पिस्तूल मात्र बेल्जियममधील एर्स्ताल येथे तयार झाले. सुमारे साडेसहा इंच लांबीच्या त्या चपट्या शस्त्रात सात काडतुसे मावत. डेरिंजरच्या एका बाराशी ही तुलना करून पाहावी!

गोळीचा प्रश्न याहून नाजूक. आखूड नळीतून सुटणाऱ्या लहान गोळीचा जोर बेताचाच असतो. म्हणून ती अंगात शिरताच पसरावी, अशी युक्ती निघाली. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागारात १८९० नंतरच्या दशकात लष्करी बंदुकांसाठी अशा गोळ्या बनल्या आणि त्या गावाचेच नाव त्यांना पडले. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात त्या वापरू नयेत असे ठरले. तरीही अनेक देशांचे पोलीस आज पसरणारी गोळीच वापरतात. सरळ आरपार जाणारी गोळी मागे उभ्या असलेल्या निरपराध माणसाला लागू शकते, हे त्याचे एक मोठे कारण. जे रणांगणावर निषिद्ध, ते गर्दीच्या रस्त्यावर सावधगिरीचे ठरावे, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

राहता राहिले पिस्तुलाचे म्यान, म्हणजे होल्स्टर. कातड्याच्या या साध्या वस्तूकडे माणसांचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. वायट अर्प हा अमेरिकेच्या पश्चिम भागातला नामांकित पोलीस अधिकारी. १८७६ च्या जानेवारीत विचिटा गावी तो खुर्चीत मागे रेलून बसला असता त्याचे रिव्हॉल्व्हर म्यानातून निसटून पडले आणि बार उडाला. गोळी त्याच्या कोटातून छतात गेली. जाणते लोक म्हणूनच सहापैकी पाचच घरे भरीत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवीत. १८८७ मध्ये स्मिथ आणि वेसन यांनी घोडा आतच झाकलेले व मूठ आवळल्यावाचून न उडणारे रिव्हॉल्व्हर काढले, ते खिशातल्या शस्त्राचा हाच धोका ओळखून. चाप पूर्ण झाकला जावा आणि शस्त्र जागचे हलू नये, ही म्यानाची कसोटी आजही तीच आहे.

परंतु शस्त्र कितीही सुरक्षित झाले, तरी ते लपवावे की नाही, हा प्रश्न कारागिराचा नव्हे, समाजाचा आहे. अमेरिकेतील केंटकी राज्याने १८१३ सालीच लपवून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरवला. सज्जन माणूस शस्त्र उघड बाळगतो आणि दगा करणारा ते झाकतो, अशी त्या काळची समजूत होती. न्यूयॉर्कने १९११ मध्ये लपवता येणाऱ्या शस्त्रांसाठी परवाना सक्तीचा केला. आज काळ उलटला आहे. तेथील अर्ध्याहून अधिक राज्यांत लपवलेल्या पिस्तुलासाठी परवानाच लागत नाही. आणि न्यूयॉर्कच्या कायद्यातील खास कारण दाखवण्याची अट तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली रद्द केली.

आपल्याकडची कथा निराळी. १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली; गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. या विषमतेची सल मनात असलेल्या पिढीच्या हाती अखेर ब्राउनिंग यांचे पिस्तूल पडले. १९०९ साली लंडनहून विनायक दामोदर सावरकर यांनी अशी वीस पिस्तुले पाठवली. चतुर्भुज अमीन याने ती पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईस आणली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त, ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. औरंगाबादेत शिकलेल्या अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने तेथे जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात त्याच्यासह कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे हेही फासावर गेले. पिस्तुले पुरवल्याच्या आरोपावरून सावरकरांना जन्मठेप झाली.

बूथ आणि कान्हेरे यांचे हेतू एका तराजूत घालता येणार नाहीत. इतिहासाने तसे घातलेलेही नाहीत. तथापि दोन्ही नाट्यगृहांत एक गोष्ट समान होती. शेजारच्या आसनावरील प्रेक्षकाला, बार ऐकू येईपर्यंत, कशाचीच कल्पना नव्हती. कमरेची तलवार समोरच्याला सावध तरी करीत असे. खिशातले पिस्तूल तेवढीही सवड देत नाही. १८७८ चा पक्षपाती कायदा स्वतंत्र भारताने १९५९ साली मोडीत काढला आणि नवा कायदा केला. परवान्याची अट मात्र आता सर्वांसाठी एकसारखी ठेवली. नाटक पाहायला निघालेल्या माणसाला शेजाऱ्याच्या खिशाची धास्ती वाटू नये, यासाठी ती अट आवश्यकच होती.